वास्तुविशारदाची पेन्सिल आणि बुरुडाचा कोयता

वास्तुशास्त्राचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करावयाचा, आणि घरांचे व कचेऱ्यांचे नकाशे काढण्याऐवजी बांबूची कर्णफुले, बांगड्या व कंठहार घडवीत बसावयाचे, अशी उदाहरणे अलीकडच्या काळात मोठ्या शहरांतील प्रदर्शनांतून दिसू लागली आहेत. संख्येने ती थोडी आहेत. परंतु वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून त्यांचे कौतुक मात्र भरपूर होते. ‘पर्यावरणस्नेही’ हे विशेषण तर या दागिन्यांना जन्मतःच चिकटलेले असते. कौतुक अस्थानी आहे असे नाही. तथापि, त्या भरात एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. बांबू चिरणे, सोलणे, तासणे आणि विणणे ही विद्या ज्या समाजाने शतकानुशतके आपल्या बोटांत सांभाळली, त्या बुरुडाच्या पदरात या नव्या व्यापारातून नेमके काय पडते?

शिरोळसारख्या तालुक्यात हा प्रश्न पुणे-मुंबईच्या प्रदर्शनापेक्षा अधिक टोकदार होतो. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांनी वेढलेला हा तालुका उसाचा. काळी जमीन, उपसा सिंचन, सहकारी साखर कारखाना आणि अतिपाण्याने क्षारपड झालेली शेते, अशी त्याची ओळख. येथे बांबू फारसा पिकत नाही. तो पिकतो जिल्ह्याच्या पश्चिमेस, आजरा, चंदगड, भुदरगड, शाहूवाडी या डोंगरी पट्ट्यात. उसाला कायद्याने ठरलेला दर आणि दाराशी कारखाना असताना शिरोळचा शेतकरी कळकाची बेटे कशाला लावील? म्हणजे या तालुक्यापाशी कच्चा माल नाही. जे काही आहे ते कारागिराचे हात. त्या हातांतून निघणारी सुपे, टोपल्या, दुरड्या, रोवळ्या, परड्या आणि कणग्या या एके काळी प्रत्येक घरच्या गरजेच्या वस्तू होत्या. लग्नात सूप लागे, देवीला परडी लागे, आणि अखेरच्या प्रवासाला तिरडीही बांबूचीच. यांपैकी सूप व परडी अजून विधीपुरती टिकून आहेत. बाकीचे सारे प्लॅस्टिकच्या पाट्यांनी आणि क्रेटांनी गिळले. त्यात २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर. पुरात बुडालेल्या उसाचा पंचनामा होऊ शकतो. भिजून काळ्या पडलेल्या कळकांची आणि अर्ध्या विणलेल्या टोपल्यांची किंमत ठरविणे मात्र कोणत्याही तलाठ्याला सोपे नाही.

बुरुडाचा धंदा हा काही उपरा किंवा अलीकडचा नव्हे. बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वरांभोवती जो शरणांचा मेळा जमला, त्यात मेदार केतय्या हे टोपल्या विणणारे शरण होते. कन्नडमधला ‘मेदार’ म्हणजेच मराठीतला बुरूड. श्रम हीच उपासना मानणाऱ्या त्या पंथात बांबूकामाला जी प्रतिष्ठा मिळाली, ती पुढे गावगाड्याने टिकविली नाही. महाराष्ट्रात हा समाज आज अनुसूचित जातींच्या यादीत आहे. सीमाभागातील या तालुक्यात केतय्यांचे नाव घेणारे लोक आहेत, पण त्यांचा व्यवसाय आपल्या मुलाने करावा असे वाटणारे किती असतील, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

हस्तव्यवसायांच्या ऱ्हासाची मीमांसा धनंजयराव गाडगीळांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केली. राजदरबारांचा आश्रय तुटणे, परकीय राजवटीत बदललेली अभिरुची आणि यंत्राच्या मालाची स्पर्धा, ही त्यांनी सांगितलेली कारणे अर्थशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी आजही पाठ करतो. परंतु ती मुख्यतः शहरी कलाकुसरीला लागू पडतात. बुरुडाला दरबार कधीच नव्हता. त्याचा ग्राहक शेतकरी होता. त्याचे मरण निराळ्या दिशेने आले, आणि ती दिशा दाखविली धनंजयरावांचे चिरंजीव, पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी. बाप-लेकांच्या संशोधनाची अशी गाठ पडावी हा योगायोग मोठा सूचक आहे.

कर्नाटकातील दांडेलीच्या कागद गिरणीला १९५८ साली सरकारने जंगलातील बांबू टनाला अवघ्या दीड रुपयाने देऊ केला. त्याच बांबूसाठी बाजारात मेदारांना याच्या कितीतरी पट किंमत मोजावी लागत होती. बांबू दुर्मीळ होऊ लागल्यावर टोपल्या विणणाऱ्यांनी गाऱ्हाणे मांडले, आणि त्यातून १९७० च्या दशकात माधव गाडगीळांचा बांबूविषयक अभ्यास उभा राहिला. बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी आच्छादन साफ केले म्हणजे बांबू जोमाने वाढतो, असा वनखात्याचा समज होता. गावकरी म्हणत होते की त्या काट्यांमुळेच कोवळे कोंब गुरांपासून वाचतात. प्रत्यक्ष पाहणीअंती गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. गिरणीला मिळणारा स्वस्त बांबू हे एका अर्थाने अनुदानच होते. ते उद्योगपतीला मिळाले आणि त्याची किंमत टोपली विणणाऱ्याने चुकविली. या अनुदानाची नोंद कोणत्याही अर्थसंकल्पात ‘बुरुडावरील कर’ अशी झाली नाही, इतकेच.

कायद्याची कहाणीही याच वळणाची. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत. पण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने त्याला ‘झाड’ ठरविले, आणि तेव्हापासून तो तोडावयाचा वा वाहून न्यावयाचा म्हटले की परवान्याचे झेंगट मागे लागे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हणून मान्यता दिली. तरीही गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावच्या ग्रामसभेला वाहतूक परवाने स्वतः देण्याचा अधिकार प्रत्यक्ष हाती यावयास एप्रिल २०११ उजाडावे लागले. वनक्षेत्राबाहेरच्या बांबूची ‘झाड’पणातून सुटका झाली ती २०१७ साली. म्हणजे नव्वद वर्षे लागली. वास्तुविशारदांना आज जो बांबू सुखाने विकत घेता येतो, त्यामागे ही लढाई आहे, आणि ती त्यांनी लढलेली नाही.

मग वास्तुविशारदांनी या क्षेत्रात येऊच नये काय? असे म्हणणे कोतेपणाचे होईल. वास्तुशास्त्र शिकलेल्या माणसाची नजर बांबूला अनुकूल असते, हे मान्य केले पाहिजे. भार कोठून कोठे वाहतो, सांधा कोठे तुटेल, लहान नमुन्यात जे उभे राहते ते प्रत्यक्षात राहील काय, याचा विचार करण्याची त्याला सवय असते. बांबूची खरी ताकद त्याच्या बाहेरच्या सालीलगतच्या तंतूंत असते. आतला गर ठिसूळ. सुपाच्या विणीत ही गोष्ट बुरूड न बोलता वापरतो. वास्तुविशारद तिचे रेखाटन करतो, आणि तीच वीण बोटभर आकारात आणून कानात घालण्याजोगी करतो. डोंगरी पट्ट्यातला माणगा जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे त्याचे आडवे काप व कोरीव मणी निघू शकतात; पोकळ जातीच्या बांबूला विणीचे काम अधिक मानवते. कोणता कळक कशासाठी, हे ओळखणे हीच अर्धी विद्या.

शिवाय इमारत आणि अलंकार यांचे नाते जुने आहे. व्हिएन्नात १९०३ साली योझेफ हॉफमन या वास्तुविशारदाने कोलोमन मोझर या चित्रकाराच्या साथीने कारागिरांची एक कर्मशाळा उघडली. तेथे खुर्च्यांपासून चांदीच्या पदकांपर्यंत सर्व काही हाताने घडे. बालीमध्ये याच्या नेमका उलटा प्रवास घडला. १९७५ साली तेथे आलेल्या जॉन हार्डी या कॅनेडियन गृहस्थाने स्थानिक कारागिरांच्या हातून चांदीचे दागिने घडवून मोठा व्यवसाय उभारला, २००७ साली तो विकला, आणि पुढल्याच वर्षी पत्नीसह संपूर्ण बांबूच्या इमारतींत शाळा सुरू केली. त्याची कन्या एलोरा आज बांबूची घरे बांधणाऱ्या संस्थेची प्रमुख आहे. दागिन्यांकडून बांबूच्या इमारतींकडे तेथे जाता आले. मग बांबूच्या इमारतींकडून दागिन्यांकडे येण्यास हरकत कोणती?

महाराष्ट्रातही ही वाट अगदीच अनोळखी नाही. मेळघाटातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने १९९० च्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र उभे केले, आणि कोरकू आदिवासींनी केलेल्या बांबूच्या राख्या शहरांतील मनगटांवर पोचविल्या. सुनील देशपांडे २०२१ साली कोरोनाने गेले. केंद्राचे काम मागे राहिले. नागपूरचे वास्तुविशारद वैभव काळे यांनी बांबूच्या बांधकामाला शास्त्रशुद्ध रूप देण्याचा उद्योग केला. कुडाळला संजीव कर्पे यांची कोकण बांबू व केन विकास केंद्र ही संस्था घरे आणि सामान बनविते. मुंबईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. ए. जी. राव यांनी बांबूच्या वस्तूंवर अनेक वर्षे काम केले. आणि चंद्रपुरात मीनाक्षी वाळके यांनी अगदी तुटपुंज्या भांडवलावर बांबूच्या राख्या व दागिने करावयास घेतले. त्यांच्यापाशी वास्तुशास्त्राची पदवी नव्हती, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करावयास हवी.

आता किमतीची चिरफाड. आकडे केवळ उदाहरणादाखल घ्यावेत. समजा, शहरातील प्रदर्शनात बांबूच्या कर्णफुलांची एक जोडी ६०० रुपयांना विकली गेली. तीत बांबू असेल दोन-चार रुपयांचा. कारागिराची मजुरी शंभर रुपये धरली, कड्या, तेल-पॉलिश आणि खोका यांचे पन्नास धरले, तरी साडेचारशे उरतात. येथेच थांबून ‘शोषण’ असा गलका करणे सोपे आहे. परंतु हिशेब तेथे संपत नाही. गाळ्याचे भाडे, विक्रीदालनाचे कमिशन, कर, टपालखर्च, न विकला गेलेला माल, फसलेले नमुने, आणि मध्यंतरी उत्पन्नावाचून गेलेले महिने, हे सर्व त्या साडेचारशेंतच भागवावे लागते. जोखीम ज्याची, नफाही त्याचा, हे तत्त्व अर्थशास्त्राला नवे नाही. नव्या वास्तुविशारदाला मोठ्या कचेरीत मिळणारा पगारही काही डोळे दिपविणारा नसतो, हे त्याच्या घरच्यांना ठाऊक असते.

खरी मेख निराळीच आहे. बुरूड दीडशे रुपयांना सूप विकतो तेव्हा बांबूचा खर्च वजा जाता सारी मिळकत त्याची असते. किती मागावयाचे, कितीवर सोडावयाचे, उधार कोणाला द्यावयाचे, हे तोच ठरवितो. कर्णफुलाच्या व्यवहारात त्याचा दिवसाचा रोज कदाचित वाढेल. पण माल त्याचा राहत नाही, ग्राहक त्याला दिसत नाही, आणि पुढल्या हंगामात लोकांची आवड बदलली तर त्याला कळविण्याचे बंधन कोणावर नसते. सुपाचा तो मालक होता, कर्णफुलाचा मजूर झाला. मजुरी चढली म्हणून या बदलाला प्रगती म्हणावयाचे की नाही, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. कापसाच्या सुतापासून विड्यांच्या पानापर्यंत आपल्याकडील अनेक धंद्यांत स्वतंत्र कारागीर असाच हळूहळू ठोक मजुरीवर आला, आणि प्रत्येक वेळी सुरुवातीची मजुरी बरी होती.

कायद्याचे पारडेही समतोल नाही. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने नोंदणी नसलेल्या कोणालाही स्वतःस ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेण्यास मनाई केली आहे. पदवीचे नाव सुरक्षित आहे. २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली नव्या आकृतीची नोंदणी केली तर दहा वर्षे, आणि वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे, तिची नक्कल इतरांना करता येत नाही. पण अट नवेपणाची! षट्कोनी वीण शेकडो वर्षांची, म्हणून ती कोणाच्याच मालकीची नाही. तिच्यात थोडा फेरफार करून बेतलेले कर्णफूल मात्र नोंदविता येते. परंपरा जितकी जुनी तितकी ती निराधार, असा हा प्रकार आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेचेच रूप म्हणावे अशा चपला मांडल्या आणि उगमाचा उल्लेख टाळला, तेव्हा सारा जिल्हा संतापला. बोंब झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. कोल्हापुरी चपलेपाशी निदान २०१९ पासून भौगोलिक मानांकन होते. शिरोळच्या सुपापाशी तेही नाही. आणि परक्या कंपनीवर रागावणे सोपे असते. तोच व्यवहार आपल्याच शहरातील सुशिक्षित तरुण करू लागला की त्याला आपण ‘नवोन्मेष’ म्हणतो.

व्हिएन्नाच्या त्या कर्मशाळेची एक रीत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. तेथल्या वस्तूंवर संस्थेची मुद्रा असे, आकृती बेतणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरे असत, आणि ती घडविणाऱ्या कारागिराचेही चिन्ह उमटविलेले असे. कर्मशाळा १९३२ साली बंद पडली. व्यवहारात ती नेहमीच तोट्यात होती असे म्हटले तरी चालेल. पण आज तिच्या एखाद्या पदकावरून सोनाराचा माग काढता येतो. आपल्याकडे बांबूच्या कर्णफुलाच्या खोक्यात ‘ग्रामीण कारागिरांनी हाताने घडविलेले’ असे एक निनावी वाक्य असते. कारागीर अनेकवचनी, डिझाइनर एकवचनी. खोक्यावर बुरुडाचे नाव आणि गाव छापावयास छपाईचा खर्च वाढत नाही. विक्रीवर ठरावीक टक्के हिस्सा देणे याहून अवघड. पण लेखकाला प्रकाशक देतो तसे मानधन कारागिराला देता येणार नाही, असे काही निसर्गाने ठरविलेले नाही.

‘पर्यावरणस्नेही’ या विशेषणाचीही थोडी झाडाझडती घ्यावयास हवी. एका कळकात टोपल्या होतात थोड्या. कर्णफुले मात्र शेकड्याने निघतात. म्हणजे दागिन्यांच्या व्यापाराने बांबूच्या लागवडीला फार मोठा उठाव मिळेल, ही आशा व्यर्थ. जंगल वाचविण्याच्या दृष्टीने प्लॅस्टिकच्या पाटीऐवजी बांबूची टोपली घेणारा भाजीवाला हा कर्णफुले घेणाऱ्या महाविद्यालयीन तरुणीपेक्षा अधिक उपयोगाचा. शिवाय कापलेल्या बांबूत पिष्टमय द्रव्य असते आणि त्यावर भुंगेरे तुटून पडतात. म्हणून पावसाळा सरल्यावर, तीन वर्षांचा पक्व कळकच तोडावा, असा जाणत्यांचा रिवाज. त्यावर टाकणखार व बोरिक आम्लाची प्रक्रिया केली म्हणजे तो टिकतो. ती टाळून वस्तू चकचकीत रासायनिक राळेत बुडविली, की ती मातीत मिसळण्याची गोष्ट संपली. मग ते बांबूचे हाड असलेले प्लॅस्टिकच! तेल किंवा लाख यांनी चकाकी कमी येते, परंतु विशेषण खरे ठरते.

शिरोळच्या दृष्टीने या सर्वांत एक शक्यता दडलेली आहे, आणि तिचे नाव हुपरी. शेजारच्या हातकणंगले तालुक्यातील या गावी पैंजण, वाळे, जोडवी, करदोडे यांचा धंदा घरोघर चालतो. चांदी आटविणारा एक, तार ओढणारा दुसरा, झाळणारा तिसरा, घुंगरू जोडणाऱ्या बायका चौथ्याच घरी. एकाच व्यवसायाचे कारागीर एके ठिकाणी वसले की सर्वांचेच कौशल्य वाढते आणि खर्च घटतो, हा आल्फ्रेड मार्शलने १८९० साली मांडलेला सिद्धांत पाहावयास लंडनला जाण्याचे कारण नाही. आता २०२५ साली चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेला, आणि वर्ष संपता संपता दोन लाखही ओलांडून गेला. भाव असा भडकला की गिऱ्हाईक वजन कमी करते. आणि मजुरी वजनावर ठरत असेल तर कारागिराचे पोट मारले जाते. अशा वेळी विणलेल्या बांबूला चांदीची बारीक कड आणि चांदीचीच कडी, असा हलका दागिना हुपरी आणि बुरूड या दोघांच्याही कामाचा ठरू शकेल. स्वस्त मिश्रधातूच्या कड्यांनी कान चिघळण्याची तक्रारही त्यात नाही. दोन तालुक्यांतील दोन जुन्या विद्या एकत्र आणण्यास मधला माणूस लागतो, आणि वास्तुविशारदाची खरी गरज आहे ती येथे. पुण्यातल्या गाळ्यावर बसण्यापेक्षा हे काम अवघड आहे.

राज्याने २०२५ साली बांबू उद्योग धोरण मंजूर केले. धोरणांत लागवडीचे हेक्टर आणि गुंतवणुकीचे कोटी यांची भाषा सहज येते; बुरुडाला ओला, ताजा, त्याच्या कामाच्या जातीचा कळक तालुक्याच्या ठिकाणी वाजवी दराने मिळेल काय, ही साधी गोष्ट त्यातून निसटण्याचा संभव असतो. जो दीड रुपयाचा भाव एके काळी गिरणीला मिळाला, तो कोणी मागत नाही. आजऱ्याचा माणगा ट्रकभर घेण्याची ऐपत एका बुरुडाची नसते. दहा जणांची सहकारी संस्था मात्र तो घेऊ शकेल, आणि सहकाराची बाराखडी या जिल्ह्याला नव्याने शिकवावी लागू नये. साखर कारखाना, सूतगिरणी, दूध संघ हे सर्व ज्या भूमीत उभे राहिले, तेथे टोपल्या विणणाऱ्यांचा मजबूत संघ उभा राहिल्याचे मात्र ऐकिवात नाही. त्यांच्यापाशी ऊस नव्हता, आणि म्हणून मतांचा गठ्ठाही नव्हता, हे त्याचे अप्रिय पण सरळ कारण असावे.

सांगली-कोल्हापुरात वास्तुशास्त्राची महाविद्यालये आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना बांबूचे सांधे शिकवावयाचे तर एखाद्या जाणत्या बुरुडाला वर्गात बोलावून, इतर पाहुण्या अध्यापकांना मिळते तेवढेच मानधन त्याला देता येईल. आणि बुरुडाच्याच घरातील मुलगी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या आधारे त्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसली, तर कळक कोणत्या अंगाने चिरावयाचा हे तिला कोणी शिकवावे लागणार नाही. तिला शिकावे लागेल ते रेखाटन, हिशेब, आणि ६०० रुपयांतील साडेचारशे कोठे जातात ते.